लोकसभेला मत कोणाला द्यायचं, हे ठरवायचं कसं?

लोकसभेच्या निवडणुकीत आपण थेट सरकार निवडत नाही. देशातल्या 543 मतदारसंघांपैकी आपल्या एका मतदारसंघातून एक खासदार निवडतो. ज्या पक्षाकडे किंवा आघाडीकडे 272 खासदार जमतात, त्यांचं सरकार येतं. महाराष्ट्रातून असे 48 खासदार दिल्लीला जातात, गोव्यातून 2.

म्हणजे 'कोणत्या पक्षाला मत द्यावं?' या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. दिल्लीत सरकार कोणाचं हवं, आणि आपल्या भागातून तिथे कोणी जावं? दोन्हींची उत्तरं एकाच उमेदवारापाशी आली तर काम सोपं. पण बहुतेकदा ती येत नाहीत. पक्ष पटतो, उमेदवार पटत नाही; किंवा माणूस चांगला, पण पक्ष नको. अशा वेळी कुठून सुरुवात करायची, ते एकेक पायरी घेऊन पाहू.

पहिली पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून लोक ती शेवटी ठेवतात आणि फसतात. मतदार यादीत आपलं नाव आहे का, ते पाहावं. मतदार ओळखपत्र खिशात असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड नसलं तर आधार, पॅन, पासपोर्ट अशा इतर ओळखपत्रांवर मतदान करता येतं. यादीत नाव नसलं तर कार्ड असूनही करता येत नाही. नवीन नावासाठी नमुना 6, पत्ता बदलला असेल किंवा काही चुकलं असेल तर नमुना 8. चौकशीसाठी 1950 हा क्रमांक आहे. घरात 85 वर्षांवरचं कुणी असेल किंवा 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेलं कुणी असेल, तर घरून मतदानाची सोय आहे. तिचा 12-ड हा अर्ज अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, त्यामुळे त्याची चौकशी आधीच करून ठेवावी.

आता कागद घ्यावा आणि आपल्याला खरोखर टोचणारे चार-पाच प्रश्न लिहावेत. टीव्हीवर चर्चेत आहेत ते लिहू नयेत, आपले लिहावेत. मुलाला नोकरी नाही, विम्याचे पैसे आले नाहीत, लोकलला गर्दी, पाणी दिवसाआड, घरभाडं परवडत नाही, जे असेल ते.

मग प्रत्येक प्रश्नापुढे लिहावं की हा कोणाच्या हातातला आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी केलेली आहे. काही विषय केंद्राचे, काही राज्याचे, काही दोघांचे. रेल्वे, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, आयात-निर्यात केंद्राकडे. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य राज्याकडे. शिक्षण दोघांकडे. गटार, कचरा आणि गल्लीतले दिवे नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे. गटाराचा राग खासदारावर काढणारे पुष्कळ भेटतात, आणि गटार बांधून देतो असं सांगत मत मागणारे खासदारकीचे उमेदवारही भेटतात. दोघांनाही ही अनुसूची एकदा दाखवायला हवी.

काही प्रश्न मात्र फसवे असतात. कांदा शेतात पिकतो आणि शेती राज्याचा विषय आहे; पण कांदा परदेशी पाठवायचा की नाही हे दिल्लीत ठरतं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली आणि मतदानाचे टप्पे चालू असताना, मे 2024 मध्ये, किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के निर्यात शुल्क लावून ती उठवली. नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकासाठी तो पूर्णपणे लोकसभेचा प्रश्न होता. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, हाही केंद्र ठरवतं.

खात्यावर जमा होणाऱ्या पैशांचं तर आणखी अवघड. पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये केंद्राचे, नमो शेतकरी महासन्मानचे 6,000 राज्याचे, लाडकी बहीण राज्याची. तिन्ही एकाच पासबुकात येतात आणि तिन्हींच्या फलकांवर फोटोंची गर्दी असते. ज्या योजनेसाठी आपण मत देऊ पाहतो ती लोकसभेच्या निवडणुकीशी संबंधित आहे का, एवढं तरी तपासावं.

चाळणी लावल्यावर कागदावर केंद्राचे दोन-तीन प्रश्न उरतील. तेच आपलं मोजमाप. पुढचं सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं.

यानंतर उमेदवारांची यादी. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की ती पक्की होते आणि तिथून मतदानापर्यंत किमान दोन आठवडे मिळतात. यादीआधी मन बनवणारे इथे अडखळतात, कारण आघाडी आणि युतीच्या जागावाटपात आपल्या आवडीचा पक्ष आपल्या मतदारसंघात उभाच नसू शकतो. जागा मित्रपक्षाला गेलेली असते. तेव्हा प्रश्न असा होतो, की मित्रपक्षाला दिलेलं मत दिल्लीत आपल्याला हव्या त्या सरकारच्या बाजूला उभं राहील का? युती निवडणुकीपूर्वी जाहीर झाली आहे का, आणि मित्रपक्षाने गेल्या दहा वर्षांत किती वेळा बाजू बदलली, हे दोन्ही पाहावं. कधी जागावाटपाच्या भांडणातून अपक्षही निवडून येतो. 2024 मध्ये सांगलीत असंच झालं आणि निवडून आलेल्या अपक्षाने नंतर काँग्रेसला पाठिंबा दिला.

आता मूळ पेच. पक्ष पाहायचा की माणूस?

'मी पक्ष बघत नाही, माणूस बघतो' हे वाक्य आपल्याकडे फार सभ्य समजलं जातं. ग्रामपंचायतीला ते चालतं. लोकसभेला ते अर्धंच चालतं, कारण तिथे व्हिप असतो. व्हिप म्हणजे पक्षादेश: अमुक विधेयकावर अमुक बाजूने मत द्या, असा पक्षाने आपल्या खासदारांना काढलेला लेखी हुकूम. 1985 मध्ये 52व्या घटनादुरुस्तीने आलेल्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार हा हुकूम मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. पंधरा दिवसांत पक्षाने माफ केलं तरच सुटका.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की आपला उमेदवार कितीही अभ्यासू आणि सज्जन असला तरी महत्त्वाच्या कायद्यावर त्याचं मत त्याच्या पक्षाचंच असणार. म्हणून कायदे, अर्थसंकल्प, सरकार राहणं-पडणं यांचा विचार करताना पक्ष पाहावा. प्रश्न विचारणं, रेल्वेचा थांबा किंवा महामार्गाचं रखडलेलं काम यांचा पाठपुरावा करणं, समितीत काम करणं, यासाठी माणूस पाहावा. माझ्या मते लोकसभेला पक्षाचं पारडं थोडं जड धरायला हरकत नाही. मात्र माणूस अगदीच वाईट असेल तर पक्षाच्या नावाखाली तो पोटात घालू नये.

महाराष्ट्रातला वाचक इथे हमखास थांबवेल: पक्ष तरी जागेवर राहतो का? 2022 मध्ये शिवसेना आणि 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा 2019 मध्ये दिलेलं मत नेमकं कुठे गेलं हे अनेकांना कळेना. कायद्यात पूर्वी एक तृतीयांश सदस्य फुटले तर चालायचं. 2003 च्या 91व्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली, आणि आता दोन तृतीयांश सदस्यांच्या पाठिंब्याने विलीनीकरण एवढीच उघड वाट आहे. प्रत्यक्षात विधानसभा अध्यक्ष, निवडणूक आयोग आणि न्यायालय यांच्यात प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात. पक्ष जागेवर राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही, पण उमेदवाराची आधीची चाल पाहता येते. त्याची जुनी निवडणूक शपथपत्रं काढली की तो कधी कोणत्या पक्षाकडून उभा होता ते दिसतं.

पक्षाची परीक्षा घ्यायची ती आधी त्याने केलेल्या कामावर. जाहीरनामा नंतर. आपल्या कागदावरच्या प्रश्नाशी संबंधित कोणता कायदा गेल्या पाच वर्षांत आला आणि त्यावर कोणता पक्ष काय बोलला, कोणत्या बाजूने उभा राहिला? संसदेच्या संकेतस्थळावर चर्चेचा सगळा मजकूर असतो. पीआरएस नावाची संस्था विधेयकांचं साध्या भाषेत सार देते; ते इंग्रजीत आहे, पण घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला कामाला लावता येईल.

एक अडचण सांगून ठेवतो. बरीच विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, म्हणजे 'हो' आणि 'नाही'चा आवाज ऐकून पीठासीन अधिकारी निर्णय देतात. त्यात कोणी काय मत दिलं याची नोंद राहत नाही. खासदारांनी मतविभाजन मागितलं तरच आकडे येतात. घटनादुरुस्तीला मात्र ते लागतंच, म्हणून महिला आरक्षणाच्या वेळी 454 विरुद्ध 2 हा लोकसभेतला आकडा आपल्याला माहीत आहे.

जाहीरनामा वाचताना तेच महिला आरक्षण समोर ठेवावं. अनेक पक्षांनी ते वर्षानुवर्षं कबूल केलं होतं. 2023 मध्ये 106वी घटनादुरुस्ती झाली, वचन पुरं झालं. पण अंमलबजावणी जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची पुनर्रचना यांना बांधलेली होती, त्यामुळे 2024 च्या निवडणुकीत महिलांसाठी एकही जागा राखीव नव्हती. तेव्हा प्रत्येक आश्वासनापुढे 'केव्हापासून?' आणि 'पैसा कुठून?' हे दोन प्रश्न पेन्सिलीने लिहावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर आयोगाच्या आचारसंहितेतही जाहीरनाम्याचा भाग आला; आश्वासनामागचा विचार आणि खर्चाची सोय सांगावी, अशी अपेक्षा त्यात आहे. बहुतेक जाहीरनामे तिथे मोघम होतात. आश्वासन मोडलं म्हणून कोर्टात जाता येत नाही. आपल्या हाती उरतो तो मागच्या वेळचा जाहीरनामा. तो शोधून नव्याशेजारी ठेवावा. काही ओळी जशाच्या तशा पुन्हा आलेल्या दिसतील.

पक्षाला पैसा कोण देतं, हेही आता थोडंफार कळतं. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि पुढच्या महिन्यात कोणी रोखे घेतले, कोणत्या पक्षाने वटवले याची माहिती आयोगाच्या संकेतस्थळावर आली. शिवाय 20,000 रुपयांवरच्या देणग्यांचा अहवाल पक्षांना दरवर्षी द्यावा लागतो. सगळं वाचायला कोणाला वेळ नाही, पण पहिली वीस नावं पाहायला दहा मिनिटं पुरतात.

यापुढची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लोक वळतात. उमेदवाराचं शपथपत्र. 2002 आणि 2003 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला नमुना 26 मध्ये आपली संपत्ती, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले शपथेवर लिहून द्यावे लागतात. आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर ते कोणालाही पाहता येतं. बरीच पानं असतात, घाबरू नये. शेवटी 'भाग ब' नावाचा गोषवारा असतो, तो आधी वाचावा.

खटल्यांचा आकडा पाहून लगेच निष्कर्ष काढणं ही इथली नेहमीची चूक. रास्ता रोको केला, जमावबंदी मोडली, की कार्यकर्त्यावर गुन्हा दाखल होतो. आंदोलनातून वर आलेल्या माणसावर असे दहा-वीस गुन्हे सहज असतात. दुसऱ्या उमेदवारावर एकच खटला असतो, पण तो खुनाच्या प्रयत्नाचा. म्हणून आकडा सोडून कलम वाचावं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत: खुनाचं जुनं 302 आता 103 आहे, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये गेलं, सरकारी आदेश मोडल्याचं 188 आता 223 झालं. शपथपत्रात दोन्ही तऱ्हेचे क्रमांक दिसतील.

त्याच तक्त्यात 'आरोप निश्चित झाले आहेत का' असा रकाना असतो. आरोप निश्चित होणं म्हणजे न्यायालयाने कागद पाहून खटला चालवण्याजोगा आहे असं ठरवणं. नुसत्या पोलीस तक्रारीपेक्षा त्याला वजन जास्त. खटला प्रलंबित असताना निवडणूक लढवता येते. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर मात्र अपात्रता येते. गुन्हे असलेला उमेदवार का निवडला, याची कारणं पक्षाने स्वतःच्या संकेतस्थळावर द्यायची, असंही न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये बजावलं आहे. ही कारणं जरूर वाचावीत. 'लोकप्रिय आहेत, समाजकार्य करतात' एवढ्यावर भागवलेलं दिसलं, तर पक्षाने हा आदेश किती मनावर घेतला ते कळतं.

संपत्ती पाहताना मागच्या शपथपत्राशी तुलना करावी. आकडा पाचपट झाला म्हणजे चोरीच, असं नाही. शहराला लागून असलेली वडिलोपार्जित जमीन रिंगरोड आल्यावर आपोआप महाग होते. स्थावर मालमत्तेपुढे खरेदीची किंमत आणि आजची किंमत दोन्ही असतात. नवीन खरेदी किती झाली ते पाहावं आणि विवरणपत्रातल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाशी ते जुळतं का, ते ताडावं. सरकारी कंत्राटं, सरकारी घराचं थकलेलं भाडं, वीजबिल, पाणीपट्टी यांचेही रकाने असतात. ते चुकवू नयेत.

उमेदवार आधीच खासदार असेल तर त्याचं प्रगतिपुस्तक तयार असतं: हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग. पण मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यांच्यापुढचं शून्य पाहून आळशी म्हणू नये. इतरांच्या बाबतीत प्रश्न किती विचारले यापेक्षा कशाबद्दल विचारले ते पाहावं. आपल्या जिल्ह्याचं नाव असलेले पाच प्रश्न वाचले तरी माणसाचा अंदाज येतो.

'खासदार निधीतून' असे फलक लावलेले सभामंडप आणि बाकडी मात्र हिशेबात फार धरू नयेत. हा निधी वर्षाला 5 कोटी रुपये असतो. खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होतो. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ आणि सरासरी एकोणीस लाख मतदार येतात; म्हणजे दर मतदारामागे वर्षाला साधारण 26 रुपये. तेवढ्यात कोणी किती विकास करणार?

मग येतो 'मत वाया जाण्याचा' प्रश्न. आपल्याकडे सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. त्यामुळे आवडता पक्ष छोटा असेल तर लोक नावडत्याला पाडण्यासाठी तिसऱ्यालाच मत देतात. 2019 मध्ये नांदेडला काँग्रेसचा उमेदवार चाळीस हजारांच्या आसपास मतांनी हरला आणि वंचित बहुजन आघाडीला दीड लाखाहून जास्त मतं पडली. काँग्रेसवाले म्हणाले, मतं फुटली. वंचितला मत देणारे म्हणाले, ती मतं तुमची होती कधी? दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

हा निर्णय आपणच घ्यायचा, पण माहितीवर घ्यावा. आपल्या मतदारसंघातल्या गेल्या दोन निवडणुकांचे आकडे पाहावेत. फरक दोन-तीन लाखांचा असेल तर डावपेच लढवण्यात अर्थ नाही, मनाला पटेल त्याला मत द्यावं. लहान पक्षाला ते उपयोगी पडतं: एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तर अनामत रक्कम वाचते, आणि राज्यात 8 टक्के मतं मिळाली तर एकही जागा न जिंकता राज्यपक्ष म्हणून मान्यता मिळू शकते. लढत चुरशीची असेल तर गणित वेगळं. 2024 मध्ये मुंबई उत्तर पश्चिममध्ये निकाल अवघ्या 48 मतांनी लागला.

त्याच मतदारसंघात 'नोटा'ला, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला, हजारो मतं पडली होती. नोटाने निकाल बदलत नाही हे स्पष्ट माहीत असावं. इंदूरला 2024 मध्ये नोटाला दोन लाखांहून अधिक मतं मिळाली, तरी सर्वाधिक मतांचा उमेदवारच निवडून आला. निषेध नोंदवायचा असेल तर नोटा आहेच. दोन वाइटांतला जास्त वाईट कोण हे आपल्याला माहीत असेल, तर मला ते बटण दाबवणार नाही.

ठरवायचं काम शक्यतो शेवटच्या 48 तासांवर आणून ठेवू नये. त्या वेळात जाहीर प्रचार बंद असतो, पण मोबाइल बंद नसतो. कापलेल्या चित्रफिती, 'अमुक उमेदवाराने माघार घेतली' अशा अफवा आणि जातीची शपथ घालणारे निरोप याच रात्री फिरतात. पाकिटंही. पैसे देणं गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. घेणंही गुन्हा आहे, हे सोयीने विसरलं जातं.

गावातल्या पुष्कळांना, विशेषतः बायकांना, भीती असते की आपलं मत कळेल. केंद्रानुसार मतमोजणीचे आकडे जाहीर होतात, त्यामुळे अमुक वस्तीतून कोणाला किती मतं पडली हे पुढाऱ्याला कळतं, हे खरं आहे. कोणी दिली ते कळत नाही. घरात सगळ्यांचं एकच मत ठरलं असेल तरी पडद्याआड आपण एकट्याच असतो.

शेवटी यंत्रासमोर. तिथे उमेदवाराचं नाव, फोटो आणि चिन्ह असतं. पक्षाचं नाव नसतं. त्यामुळे चिन्ह चुकलं की सगळा अभ्यास वाया. 2024 मध्ये शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होतं, आणि काही ठिकाणी अपक्षांना नुसती 'तुतारी' मिळाली होती. दिंडोरीत अशा अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली. पक्षाचा उमेदवार तरीही जिंकला. साताऱ्यात तुतारीवाल्या अपक्षाची मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती. नावात साम्य असलेले उमेदवारही मुद्दाम उभे केले जातात. म्हणून आदल्या दिवशी आपल्या उमेदवाराचा अनुक्रमांक पाठ करावा, आणि फोटो ओळखूनच बटण दाबावं.

बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. ती वाचूनच हलावं. चिठ्ठीवर दुसराच उमेदवार दिसला तर तिथल्या तिथे केंद्राध्यक्षांना सांगावं. ते लेखी निवेदन घेऊन सगळ्यांसमोर चाचणी मत द्यायला लावतात. तक्रार खोटी निघाली तर शिक्षा होऊ शकते. आणि आपण पोहोचण्याआधीच आपल्या नावावर कुणी मत देऊन गेलं असेल, तर परत फिरू नये: ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागावं, ते कागदी मतपत्रिकेवर मिळतं.